डॉक्टर साक्षीला बसले की बोटं अडतात

प्रश्न : ताई, मी कोर्ट रिपोर्टिंग शिकते आहे. साधी प्रश्नोत्तरं असली तर स्टेनोटाइपवर, म्हणजे अनेक कळा एकदम दाबून लिहायच्या लघुलेखन यंत्रावर, मिनिटाला 180 शब्द सहज घेते. पण डॉक्टरांची साक्ष लागली की एका लांबलचक शब्दाशी अडते आणि पुढचं अख्खं वाक्य निसटतं. वैद्यकीय शब्दांच्या याद्या पाठ केल्या, आठवड्याभरात विसरले. आता प्रत्येक शब्दाचा ब्रीफ, म्हणजे एका स्ट्रोकचं (कळा एकदा दाबून लिहायचं) लघुरूप, पाठ करायला घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. ब्रीफ रोज हाताखालून गेला तरच बोटांत राहतो. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या शब्दाचा ब्रीफ आठवण्यात अर्धा सेकंद गेला, तरी मिनिटाला 225 शब्दांच्या वेगाला दोन शब्द पुढे गेलेले असतात. अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरांच्या आरपीआर परीक्षेत साक्षीचा टप्पा याच वेगाचा असतो आणि अचूकता 95 टक्के लागते, म्हणून हा अर्धा सेकंद मी इतका मोजते आहे.

वैद्यकीय शब्द लांब असला तरी जोडकामाचा असतो. शाळेत आपण उपसर्ग-प्रत्यय शिकलो, तसंच हे. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे छेद घेऊन तिथे वाट ठेवणं. हे तुकडे एकदा बोटांत बसले की कधीही न ऐकलेला शब्दही लिहिता येतो.

‘एक्टमी’च घ्या. उजवा अंगठा ‘ई’वर. उजव्या बाजूला ‘के’ची कळ नाही, म्हणून मधलं बोट ‘बी’वर आणि अनामिका ‘जी’वर, दोन्ही मिळून ‘क’. करंगळी ‘टी’वर. सगळं एकदम दाबलं की ‘एक्ट’. दुसऱ्या स्ट्रोकला डाव्या हाताचं मधलं बोट ‘पी’वर, तर्जनी ‘एच’वर, मिळून ‘म’. आणि उजवा अंगठा ‘ई’ व ‘यू’ यांच्या मधल्या फटीत, म्हणजे ऱ्हस्व ‘इ’. झालं ‘एक्टमी’. तुमच्या थिअरीत, म्हणजे तुम्ही शिकता त्या लेखनपद्धतीत, हे वेगळं शिकवलं असेल तर तुमचंच धरा, पण एकच धरा. आता हे दोन स्ट्रोक स्ट्रोकचे शब्द करणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरच्या डिक्शनरीत प्रत्यय म्हणून नोंदवा. मग पुढे टॉन्सिल येवो, अपेंडिक्स येवो, नाहीतर पित्ताशयाचा ‘कोलेसिस्ट’, शेपूट आपोआप जोडलं जाईल. स्पेलिंगची चिंता डिक्शनरीवर सोडा. ‘न्यूमोनिया’तला मुका ‘पी’ आपण लिहीत नाही, ऐकू येतो तो ‘न’ लिहितो.

आठवड्याला शरीराची एकच संस्था घ्या. सुरुवात हाडं-मणक्यांपासून करा, कारण अपघाताच्या दाव्यांत तीच सारखी येतात. शब्द मोठ्याने म्हणा, आपल्याच अंगावर जागा दाखवा, मग लिहा.

खरा धोका लांब शब्दांत नसतोच, तो जुळ्या शब्दांत असतो. ‘इलियम’ हे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि ‘इलियम’ हे कमरेचं हाड, दोन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक : आतड्याच्या शब्दात ‘ई’, हाडाच्या शब्दात त्याजागी ‘आय’. सुरुवातीच्या वर्षांत मी एका अस्थिशल्यविशारदांची जबानी घेतली होती. मानेचे मणके जोडायला त्यांनी रुग्णाच्या कमरेचं हाड घेतलं होतं. माझ्या उताऱ्यात, म्हणजे लिहून काढलेल्या जबानीत, ते हाड आतड्यातून आलं. मी दोनदा वाचूनही ते दिसलं नाही. डॉक्टरांनी दुरुस्तीपत्रकावर पान आणि ओळ घालून ते सुधारलं आणि खाली सही केली. त्या कागदाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. आता हाडाचा ‘इलियम’ मी तारांकित कळ दाबून लिहिते. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे : ‘हिप’मध्ये ‘आय’ आहे, तोच ‘आय’ हाडाच्या शब्दात जास्तीचा. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळायला त्रास आणि ‘डिस्फेझिया’ म्हणजे बोलायला त्रास; ही जोडीही मुद्दाम समोरासमोर ठेवून घोटा.

औषधांची नावं पाठांतराने येत नाहीत, तयारीने येतात. कामाच्या आधी वकिलांच्या कचेरीकडून दाव्याची कागदपत्रं आणि डॉक्टरांचा अहवाल मागा. त्यातली नावं त्या कामापुरत्या डिक्शनरीत आदल्या रात्रीच घाला. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स फेफऱ्याच्या झटक्यांवर; डॉक्टर घाईत बोलले की तिन्ही एकसारखी ऐकू येतात.

प्रश्न : (त्याच पत्रातून) साक्ष चालू असताना मध्येच थांबवून विचारलं तर चालतं का? फार संकोच वाटतो.

उत्तर : चालतं, आणि विचारायलाच हवं. एका जबानीत डॉक्टर म्हणाले, रुग्णाच्या खांद्याची अमुक हालचाल 90 अंशांपुढे होत नाही. ‘ॲबडक्शन’ म्हणजे हात शरीरापासून दूर नेणं, ‘ॲडक्शन’ म्हणजे जवळ आणणं; त्यांनी मधलं अक्षर गिळलं. बोलताना त्यांनी स्वतःचा हात बाजूला उचललाही होता आणि मी तो पाहिला होता. पण उताऱ्यात जायचं ते मी ऐकलेलं, पाहिलेलं नाही. हात यंत्रावरच ठेवून मी विचारलं, “डॉक्टर, ए-बी की ए-डी?” ते म्हणाले, “ए-बी.” वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर तासभर तो शब्द आला की डॉक्टर स्वतःहून अक्षरं सुटी करून सांगत होते.