33 पैकी 17

प्रश्न : गुरुजी, आम्ही सावद्याचे, केळीवाले. लेक नोकरीनिमित्त जर्मनीत, स्टुटगार्टला असते. आता ती तिथलं नागरिकत्व घेणार आहे आणि त्यासाठी परीक्षा देतेय. ती प्रश्न मराठीत करून पाठवते, मी तिला फोनवर उलटसुलट विचारते. आता तिच्याआधी मलाच उत्तरं येतात. आमचे हे मात्र रुसलेत. म्हणतात, 33 प्रश्न, त्यातले 17 बरोबर आले की पोरगी जर्मन? असं मार्कांवर कुणी कुठल्या देशाचं होतं का? शिवाय शेताचं काय होईल, ही काळजी आहेच.
– एक आई, सावदा

उत्तर : ताई, यजमानांना आधी एवढं सांगा की लेकीचं भारतीय नागरिकत्व जर्मनी काढून घेत नाहीये. मूळ देश सोडायची अट जर्मनीने 27 जून 2024 पासून काढून टाकली. अडवणारा कायदा आपला आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की स्वखुशीने दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं. रुसायचंच असेल तर दिल्लीवर रुसा म्हणावं.

आता मार्कांचं. 17 मार्कांत कुणी जर्मन होत नाही, तसा त्यांचाही दावा नाही. साधारण पाच वर्षांचं वास्तव्य, बी-वन पातळीपर्यंत (म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती) जर्मन भाषा, स्वतःच्या कमाईवर घर चालवण्याची ऐपत, एवढं सगळं लागतं. ही परीक्षा त्या यादीतला एक कागद. 2008 पासून ती सुरू आहे. त्यातले 30 प्रश्न देशाबद्दलचे आणि 3 ती राहते त्या राज्याबद्दलचे.

मी नोकरीभर अमळनेरात नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली पानं, पोरं ती परीक्षेच्या आदल्या रात्री वाचत. पण पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे ते पेपरातच दिसतं, हे तिथे पक्कं कळलं. त्या नजरेने तुमच्या लेकीचा पेपर बघा. त्यांच्या प्रश्नसंचातला पहिलाच प्रश्न असा, की जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, ते कशामुळे? पर्याय चार : धर्मस्वातंत्र्य आहे म्हणून, लोक कर भरतात म्हणून, मतदानाचा हक्क आहे म्हणून, मत मांडण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून. उत्तर शेवटचं. आपल्याकडे हा पेपर वाटला तर निम्मी जनता दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारेल. ‘टॅक्स भरतो आम्ही!’ हे वाक्य नगरपालिकेच्या खिडकीवर रोज ऐकू येतं. ज्याने कर भरला नाही त्यालाही बोलायचा तेवढाच हक्क आहे, हे त्या एका प्रश्नात येऊन जातं. पुढे हिटलरच्या राजवटीवरचे प्रश्न आहेत. ज्यूंबद्दलचे आणि इस्रायलबद्दलचे काही 2024 मध्ये नव्याने घातले. आपल्या घरातलं पाप नव्या माणसाला आधी वाचायला लावणारे लोक मला तरी आवडतात.

ब्रिटनचा पेपर वेगळा. 24 प्रश्न, 45 मिनिटं, पास व्हायला 18. त्यासाठी जे अधिकृत पुस्तक वाचावं लागतं त्यात आठव्या हेन्री राजाच्या सहा बायकांची कुंडली आहे. बंगालच्या फौजेतून तिकडे गेलेल्या शेख दीन महंमदने 1810 मध्ये लंडनला जॉर्ज स्ट्रीटवर करीचं पहिलं हॉटेल काढलं, हेही आहे. वाचायला मजा येते. पण दुसऱ्या बायकोचं नाव आलं म्हणून माणूस चांगला शेजारी कसा होणार, हे मला अजून कळलेलं नाही.

यजमानांचा खरा सवाल ओळखीचा आहे, आणि तो रास्त आहे. आमच्या भागात श्रावणात कानबाई या कुळदेवीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे असतात. तिथे प्रश्न विचारत नाहीत, कूळ बघतात. जर्मनीही फार काळ तेच करायची. 1913 च्या कायद्यानुसार आईबाप जर्मन तर मूल जर्मन. परदेशी कामगारांची तिथेच जन्मलेली, तिथेच शिकलेली पोरं कागदावर परकीच राहायची. जन्माच्या जागेला किंमत मिळाली ती 1 जानेवारी 2000 पासून. कूळ विचारण्यापेक्षा प्रश्न विचारलेले बरे, असं माझं मत. आपला प्रवास मात्र उलटा झाला. पूर्वी इथे जन्मलं की बास असायचं, 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एकजण भारतीय असणं लागतं आणि डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली.

राहिलं माहितीचं. तुमच्या शेजारी फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष नेहरू. सावद्याच्या बसस्टँडवर दहा जणांना विचारून बघा. ज्यांना येणार नाही त्यांना काय कमी भारतीय म्हणायचं?

शेताबद्दल. नागरिकत्व गेल्यावर लेकीने ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) काढावं. त्यावर तिला हवं तेव्हा इथे येता येईल, राहता येईल. मतदान करता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र तिची राहते. जुना पासपोर्ट रीतसर जमा करून दाखला घ्यावा, ‘असू दे कपाटात’ असं करू नये. आणि सावद्याच्या मतदार यादीत तिचं नाव असेल तर ते कमी करायला नमुना 7 भरावा लागतो. तो अर्ज त्या मतदारसंघातला मतदार देऊ शकतो. यजमान रागात आहेतच, तेवढं काम त्यांच्याकडे सोपवा.

प्रश्न : सर, अमेरिकेत बाहेरून आलेल्यांना राज्यघटनेवर परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे मतदानाआधी संविधानावरचे निदान दहा प्रश्न का विचारू नयेत?
– स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : कारण पेपर कोण काढणार, हा अकरावा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियात 1901 ते 1958 पर्यंत येणाऱ्यांसाठी 50 शब्दांचं श्रुतलेखन होतं. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. नको असलेला माणूस हमखास नापास. 1934 मध्ये एगॉन किश नावाचा पत्रकार तिथे पोचला. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं! पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकार तोंडावर पडलं.

आपल्याकडेही नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला संविधानाच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या 22 भाषांत आपली खान्देशची अहिराणी नाही. एखादा गोरा धुळ्याला राहून अस्खलित अहिराणी बोलायला लागला तरी त्या अटीपुरता तो मुकाच.

परवा बोरी नदीकाठी आमच्या संध्याकाळच्या टोळक्यात मी विचारलं, राष्ट्रपतींना कोण निवडतं? बँकेतून निवृत्त झालेले म्हणाले, जनता. दुसरे म्हणाले, लोकसभा. खासदारांबरोबर आमदारही मत देतात, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिथे मुरमुरे विकणारी एक बाई येते, शेजारच्या गावात पंचायत सदस्य होती. तिलाही आलं नाही. मग ग्रामसभेचा कोरम, म्हणजे कमीत कमी किती माणसं लागतात ते, विचारलं, तर हातातली पुडी बांधता बांधता म्हणाली, “शंभर, नाहीतर पंधरा टक्के, जे कमी असीन ते. अन् तहकूब झाली की मंग कोरम लागत नाही. तेच तं करता ना लोक!” हे शेवटचं वाक्य कुठल्या गाईडात छापलेलं नाही.

1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच सुमारास पहिली निवडणूक झाली. तेव्हा तुमचे दहा प्रश्न असते तर खान्देशातल्या किती पाड्यांवर मतपेटी उघडावी लागली असती? कलम 326 मध्ये वयाची अट आहे, शिक्षणाची नाही. तुमच्या पेपरात हे कलम येऊ शकतं, तेवढं पाठ असू द्या.