लीनो ताल्यापिएत्रा: कारागीर की शिल्पकार?

ताई, तुमचा प्रश्न असा की लेक जेजेला शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इटलीचे काच फुंकणारे कलाकार लीनो ताल्यापिएत्रा यांचे व्हिडिओ बघून तिने काचेतच काम करायचं ठरवलंय, आणि घरात वाद चाललाय की ज्या माणसाने अर्धं आयुष्य कारखान्यात दुसऱ्यांची डिझाइन्स बनवली त्याला शिल्पकार कसं म्हणायचं. मी अमेरिकेत टॅकोमाजवळ राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, पण गेली अकरा वर्षं शनिवार-रविवार इथल्या एका हॉट शॉपमध्ये, म्हणजे काच तापवून फुंकायच्या कार्यशाळेत, असिस्टंट म्हणून उभा असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लीनोंचा जन्म 1934 चा, व्हेनिसशेजारच्या मुरानो बेटावरचा. 1291 मध्ये शहराला आग लागू नये म्हणून व्हेनिसमधल्या काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या, आणि तेव्हापासून तिथली विद्या बेटाबाहेर जाऊ द्यायची नाही हा जणू धर्मच. लीनो अकराव्या वर्षी शाळा सोडून आर्किमेदे सेगुसो या उस्तादांच्या भट्टीवर लागले, विशी ओलांडता ओलांडता 'माएस्त्रो', म्हणजे स्वतः उस्ताद, झाले, आणि मग कितीतरी वर्षं व्हेनिनी, ला मुर्रिना, एफेत्रे अशा कारखान्यांत काम. कागदावर दुसऱ्याने काढलेला आकार काचेत उतरवायचा, तोही पुन्हा पुन्हा, तसाच्या तसा. मला विचाराल तर ही वर्षं वाया गेली असं म्हणणं म्हणजे गवयाने गुरूकडे रियाझ केला ती वर्षं वाया गेली म्हणण्यासारखं आहे.

कलाटणी मिळाली 1979 ला. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला डोंगरात पिलचक नावाची काचेची शाळा आहे, अमेरिकन काच-कलाकार डेल चिहुली आणि हॉबर्ग दांपत्याने 1971 मध्ये काढलेली, तिथे लीनो शिकवायला आले. मुरानोत लोक चिडले, बापजाद्यांची गुपितं परक्यांना वाटतोय म्हणून. तरी ते येत राहिले, आणि मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, कारण इथल्या पोरांकडे हिंमत होती, हात नव्हता, लीनोंनी हात दिला, आणि बदल्यात त्यांना दिसलं की काच फक्त ग्लास-फुलदाणीसाठी नसते, स्वतःच्या मनातलंही काढता येतं. 1990 च्या आसपास ते पूर्णपणे स्वतःच्या नावाने काम करायला लागले, म्हणजे वय पंचावन्नच्या पुढे! छताला टांगलेल्या, हवेत तरंगणाऱ्या काचेच्या होड्या, लांब मानेचे 'डायनासोर', हे सगळं त्यानंतरचं. 2021 ला, पंच्याऐंशी उलटल्यावर, त्यांनी भट्टीसमोरचं काम थांबवलं.

आता कारागिरी म्हणजे नक्की काय ते एका उदाहरणाने सांगतो. 'इंकाल्मो' नावाची जुनी पद्धत आहे, दोन रंगांचे दोन फुगे वेगवेगळ्या फुंकण्यांवर करायचे, दोघांची तोंडं उघडायची आणि गरम असतानाच काठाला काठ जोडायचा. दोन्ही तोंडांचा व्यास तंतोतंत सारखा लागतो, कॅलिपरने मोजतात, आणि मोजेपर्यंत काच थंड होत असते. गेल्या वर्षी आमच्या गॅफरने, म्हणजे बाकावर बसून मुख्य काम करणाऱ्याने, मला दुसरा फुगा आणायला सांगितला, मी तो जरा जास्त तापवून आणला, काठ मऊ पडून लंबगोल झाला आणि जोड बसलाच नाही. दीड तासाचं काम बादलीत. कोणी काही बोललं नाही, गॅफरने नवीन काच घ्यायला फुंकणी भट्टीत घातली. ओल्या वर्तमानपत्राच्या घडीवर तापलेली काच फिरवतात तेव्हा जो जळका वास येतो ना, तो त्या दिवशी घरी आलो तरी शर्टाला होता.

म्हणून 'एकट्याने केलं का' हा प्रश्न काचेत फारसा लागू पडत नाही. चिहुलींचा डावा डोळा 1976 च्या अपघातात गेला, नंतर खांदाही दुखावला, तेव्हापासून ते ड्रॉइंग करतात, दिग्दर्शन करतात आणि टीम फुंकते. 1988 ला त्यांनी 'व्हेनेशियन्स' मालिका सुरू केली त्यात गॅफर लीनोच होते. चित्र एकाचं, हात दुसऱ्याचा, आणि मी तरी त्यात दोघांनाही कलाकारच मानतो.

लेकीबद्दल. करिअर होतं, पण सावकाश. स्वतःची भट्टी काढायचा विचार आत्ता नको, ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते आणि गॅसचं बिल माणूस खाऊन टाकतं, इथेही बहुतेक कलाकार तासावर भाड्याने हॉट शॉप घेतात. जेजेत माती आणि साचा शिकतेय तर तेच घट्ट धरू दे, साच्यात काच वितळवून शिल्प करायला छोटी इलेक्ट्रिक भट्टी पुरते, फक्त काच हळूहळू थंड करायला शिकावं लागतं, जाड तुकड्याला कित्येक दिवस लागतात, घाई केली की आतून तडकतो. साच्याची पावडर कालवताना मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते, यात सूट नाही. सुट्टीत फिरोजाबादच्या भट्ट्या बघून या. आणि आपल्याकडे तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 सालचा, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला, तेही तिला सांगा, काच काही परक्यांचीच नाही.

पिलचकचे वर्ग उन्हाळ्यात असतात आणि स्कॉलरशिप मिळते, अर्ज करताना पोर्टफोलिओत काचच हवी असं नाही. तोपर्यंत घरी एक करता येईल, मला पहिल्या आठवड्यात मध घेऊन हेच करायला लावलं होतं: काडीच्या टोकाला काकवी घ्यायची, काडी आडवी धरून बोटांनी एकसारखी फिरवत राहायची, थेंब खाली पडू द्यायचा नाही. दहा मिनिटं जमलं की डाव्या हाताने.