मोंढ्याला जाण्याआधी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

सोयाबीनची रास झाली, कट्टे ओसरीत लागले, आणि दिवाळीआधी सगळं विकून मोकळं व्हावं, हे तुझं म्हणणं कळलं. आधी एक दाणा दाताखाली धर. कट्‌कन फुटला तर माल वाळलाय. दबला तर ओल आहे, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव कापतातच. अशा मालाला दोन-चार ऊन दाखव. एवढं थांबलास तर फायदा नक्की. पुढे भाव वाढेलच असं मात्र मी तुला सांगणार नाही.

थोडा माल जानेवारीपर्यंत ठेव म्हटलं, तर ‘तीन महिने कोण थांबणार?’ असं तू विचारतोस. असं महिन्यांनी मोजलं की मुदत डोंगराएवढी दिसते. संशोधक डॅनियल रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक अभ्यास मांडला. लवकर थोडे पैसे की नंतर जास्त, असं लोकांना विचारलं. काहींना नंतरची मुदत महिन्यांत सांगितली, काहींना थेट तारीख दिली. तारीख मिळालेले लोक थांबायला जास्त राजी झाले. मुदत तेवढीच होती! म्हणून तूही कॅलेंडरवर 15 जानेवारीला खूण कर, आणि त्या दिवशी असेल तो भाव घे. तारीख न ठरवता पावसाळ्यापर्यंत माल धरून बसणं मला पटत नाही.

पण खिसा रिकामा असला की धीर कुठून येणार? कृषी सेवा केंद्राची उधारी थकली की दिवस जाता जात नाही, आणि आडत्या म्हणेल तो भाव बरा वाटायला लागतो. त्यात तुझा उतावळेपणा नाही रे, हे मनाला लावून घेऊ नकोस. उधारी फिटेल, सणाचं भागेल एवढे कट्टे आत्ता विक. बाकीच्यांसाठी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी कर. सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत, पण जिथे आहे तिथे सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, वर्षाला 6 टक्के व्याजानं, 180 दिवसांसाठी. क्विंटलची किंमत 5,000 धरली तर 3,750 रुपये हातात येतात, आणि तीन महिन्यांचं व्याज होतं साधारण 56 रुपये. थांबायला काय पडतं ते आता तूच बघ.

मधल्या दिवसांत हरभऱ्याकडे लक्ष दे, रोज मोबाईलवर भाव बघत बसू नकोस. पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा काढून ठेव आणि सुट्ट्या लागायच्या आत समितीत जाऊन ये. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा