हिब्रू बायबलमधला, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातला देव फक्त कोपिष्ट आहे का? त्याची दया कुठे दिसते?

फक्त कोपिष्ट मुळीच नाही. त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा 34वा अध्याय वाचा. इस्राएली लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं, त्यांचा नेता मोशे याने संतापून देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फोडल्या. देवाशी केलेला करार मोडला तो माणसांनी. तरी देव नव्या पाट्या घडवायला सांगतो आणि स्वतःची ओळख देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. तिथेच तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शिक्षेचीही भाषा आहे, ती लपवू नये. पण दया हजारोंवर. पुढे यहेज्केल या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात तर बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, असं स्पष्टच म्हटलंय.

मला सर्वांत भिडतो तो योना, त्याच नावाच्या पुस्तकातला संदेष्टा. देव त्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तर तो आधी पळूनच जातो. निनवे हे अश्शूरचं, म्हणजे शत्रूचं शहर. ते पश्चात्ताप करतं, देव माफ करतो आणि योना चिडतो. तक्रार करताना तो निर्गममधलीच वर्णनं देवाला ऐकवतो: तू असा दयाळू, म्हणूनच तर मी पळालो होतो! शेवटी देव विचारतो, 1,20,000 हून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या शहराची मला कीव येऊ नये का? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही.

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) हेच पुस्तक वाचतात. चारच अध्याय आहेत, सुरुवात तिथूनच करा.