मंगलाष्टकांआधी फ्लॅटचे कागद काढा

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, घरी वारीची परंपरा. जोडीदार गोव्यातल्या म्हापशाचा, कॅथलिक; त्याचे वडील हयात नाहीत, आई लग्नाविरुद्ध अडून बसल्या आहेत. दोघेही पुरुष. दोघे आठ वर्षं एकत्र राहतात. पुण्यातले एक गुरुजी दोघांचा विधी लावायला तयार आहेत. वाचक विचारतात: असं लग्न लावलं तर तो गुन्हा ठरेल का? ते कायदेशीर होईल का? की थायलंडला जाऊन नोंदणी करावी? मामा एका पक्षाचे तालुक्यातले पदाधिकारी. 'हॉलवर पोरं आणून कार्यक्रम उधळतो' असा निरोप त्यांनी पाठवलाय. मित्रांचं म्हणणं, कायदा येईलच, थोडं थांबा. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: राहता फ्लॅट जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर आहे, निम्मा हप्ता मी त्याच्या खात्यात भरतो.

मला झोप उडवणारी वाटली ती ही शेवटची ओळ. पण आधी तुम्ही विचारलेल्याचं उत्तर.

गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. अंतरपाट धरा, सप्तपदी घाला, जेवणावळ घाला. पोलिसांचा त्यात काही संबंध नाही. मात्र त्या विधीने तुम्ही कायद्याच्या नजरेत पती-पती होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्याचा अर्थ ताणून समलिंगी जोडप्यांना त्यात बसवता येणार नाही. विवाहाऐवजी निदान नागरी बंधनाला (सिव्हिल युनियन, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला कायद्याची ओळख) मान्यता मिळावी, हे म्हणणंही तीन विरुद्ध दोन असं फेटाळलं गेलं. पुनर्विलोकनाच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असे विवाह होतात. तिथलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला छान आहे. ठाण्याच्या बँकेत, सोसायटीत किंवा दुय्यम निबंधकाकडे त्याच्या जोरावर तुम्हाला नवरा म्हणून काहीही मिळणार नाही. सहलीला जायचं तर जरूर जा.

गुरुजी तयार आहेत म्हणता, ते उत्तम. उद्या त्यांनी माघार घेतली तर त्यांच्यावर सक्ती करणारा कायदा नाही, आणि मला वाटतं तो नसावाही. चर्चचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विधीबाहेरचा साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण विवाहसंस्कार नाहीच. म्हापशाच्या आईंना हा फरक कळतो, म्हणूनच त्या अडून बसल्या असाव्यात. त्यांची समजूत वकिलाने काढायची नसते.

आता थांबण्याबद्दल. २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहेच. केंद्राने मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशा विवाहांना लेखी विरोध केला. राज्यांना मत विचारलं तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध कळवला. महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. लक्षात घ्या, राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. संघाच्या सरसंघचालकांनी त्याच वर्षी जानेवारीत जरासंधाच्या हंस-डिंभक या सेनापतींचा दाखला देत असे लोक समाजात पूर्वापार आहेत असं सांगितलं, आणि दोनच महिन्यांनी सरकार्यवाहांनी विवाह स्त्री-पुरुषांचाच असतो असं स्पष्ट केलं. जमियत उलेमा-ए-हिंद विरोध करायला न्यायालयात गेली होती. मामा कोणत्या पक्षाचे ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहिलं असतंत तरी माझा सल्ला बदलला नसता. सहानुभूती सगळ्यांच्या भाषणांत थोडीथोडी सापडते, कायदा कुणाच्याच अजेंड्यावर वरच्या ओळीत नाही. त्याच्या भरवशावर घर ठेवू नका.

आता घर. उद्या जोडीदाराचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर वडील हयात नसलेल्या अविवाहित ख्रिस्ती माणसाची मिळकत भारतीय वारसा कायद्याने आई आणि भावंडांत सारखी वाटली जाते. तुम्हाला शून्य. 'हप्ते मी भरलेत' म्हणून दावा लावलात, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा काढेल. स्वतःच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या मिळकतीवर दावा सांगता येत नाही. पती-पत्नीला तिथे अपवाद आहे. तुम्हाला तो मिळत नाही.

मग मृत्युपत्र केलं की झालं? इथेच म्हापसा आडवं येतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नियमाने मुलं किंवा आईवडील असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते; मृत्युपत्राने उरलेली निम्मीच देता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मिळकतीलाही हाच नियम लागू. जोडीदार कायमचा ठाणेकर झाला की अजून अधिवासाने गोमंतकीय आहे, यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही त्याच्या आईशी कोर्टात घालायचा, तेही दुःखात. ते टाळा.

म्हणून मृत्युपत्र करायचंच, पण त्यावर विसंबायचं नाही. साक्षीदार दोन, त्यांत तुम्ही नको: ख्रिस्ती मृत्युपत्रात साक्षीदाराला दिलेली मिळकत त्याला मिळत नाही. शिवाय आजच फ्लॅटमधला निम्मा हिस्सा नोंदणीकृत खरेदीखताने तुमच्या नावावर घ्या. कर्ज चालू असल्याने बँकेची लेखी परवानगी लागेल, आणि सहकर्जदार नातेवाईकच हवा असा हट्ट काही बँका धरतात. तशी बँक असेल तर कर्ज दुसरीकडे हलवा. बक्षीसपत्राच्या मोहात पडू नका. नवरा-बायकोला राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर दोनशे रुपये मुद्रांक लागतो, तुम्हाला पूर्ण लागेल. वर आयकर कायदा तुम्हाला नातेवाईक मानत नाही, त्यामुळे पन्नास हजारांवरची भेट तुमचं उत्पन्न धरली जाते. या भेदाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे. निकालाची वाट बघत व्यवहार अडवू नका. हे होईपर्यंत हप्त्याचे पैसे कशासाठी देताय याचा साधा करार करून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या नावावरचं सोपं आहे. तुम्ही हिंदू, स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकता. मृत्युपत्र नसेल तर सगळं आईला जाईल, वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. मुदतठेवी आणि विम्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करा, पण नॉमिनी हा पैसे हातात घेणारा असतो, मालक असतोच असं नाही. मृत्युपत्राचा आणि त्याचा मेळ ठेवा. संयुक्त खातं उघडायला अडचण नाही, हे सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांना कळवलंय. शाखेत कुणी आढेवेढे घेतले तर ते परिपत्रक दाखवा. भविष्य निर्वाह निधीत मात्र सावध: आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांना वगळून केलेलं नामनिर्देशन टिकत नाही.

दवाखान्यासाठी दोघांनीही वैद्यकीय पूर्वसूचनापत्र (आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा ते सांगणारा कागद) करून एकमेकांची नावं घाला. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली की पुरतं. प्रत आईवडिलांना द्या, नाहीतर अतिदक्षता विभागाच्या दारात पहिलं भांडण तिथेच होईल.

मामांचं शेवटी. उधळण्याची धमकी हा न्याय संहितेच्या कलम ३५१ खालचा गुन्हा होऊ शकतो. निरोप मेसेजने आला असेल तर पुसू नका, तोंडी आला असेल तर कुणासमोर, कधी, ते आजच लिहून ठेवा. हॉलच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलिसांनी हात वर केले तर उच्च न्यायालयात संरक्षणाचा अर्ज करता येतो; लग्नाला मान्यता नसली तरी एकत्र राहण्याचा तुमचा हक्क २०२३ च्या निकालाने नाकारलेला नाही. अशा अर्जावर न्यायालयाने जोडप्याला 'सुधारण्याचं' समुपदेशन करू नये, असं मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे. भेटायला याल तेव्हा कर्जाचं मंजुरीपत्र, मूळ खरेदीखत, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि आठ वर्षांचे बँक उतारे घेऊन या. मुहूर्त त्यानंतरचा धरा.