माथाडींच्या टोळीत प्रयोग नेण्यापूर्वी

ठाणे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. वाशी मार्केटमधल्या माथाडींची जोखीम घ्यायची तयारी पगाराआधी आणि पगारानंतर बदलते का, हा प्रश्न चांगला आहे, पण नवा नाही. कार्व्हाल्हो, मायर आणि वँग यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांत हेच तपासलं आणि 2016 साली छापलं. जोखमीत फरक दिसला नाही; पैसे आत्ताच हवेत ही घाई मात्र पगाराआधी जास्त दिसली. हे पहिल्याच पानावर लिही, परीक्षक शोधून काढणारच. तुलाही फरक दिसला नाही तर त्यातून काय म्हणता येईल, तेही आत्ताच ठरव.

आता तू धरलेल्या 60 माणसांचं. पगाराआधी तीस आणि पगारानंतर तीस अशा दोन गटांत साधारण 0.7 प्रमाण विचलनाएवढा (माणसामाणसांतली उत्तरं सरासरीपासून जितकी विखुरतात, त्याचं हे माप) मोठा फरक असेल तरच तो पकडायची 80 टक्के खात्री. एवढा फरक वागणुकीच्या प्रयोगात क्वचितच मिळतो. 0.2 पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे 394 माणसं लागतात, तीही सगळी एकमेकांपासून स्वतंत्र. माथाडी टोळीनं काम करतात. अख्खी टोळी एका गटात टाकलीस, टोळीत 10 जण धरले आणि त्यांच्या उत्तरांतलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळी सारखी) 0.1 निघालं, तर ती संख्या 1.9 पट होते, म्हणजे गटामागे साडेसातशेच्या आसपास. टोळी फोडून निम्मे आधी, निम्मे नंतर घेतलेस तर हा गुणाकार टळतो. पण पहिले निम्मे चहाच्या टपरीवर बाकीच्यांना सगळं सांगून मोकळे होतील. मी टोळी फोडेन. कोणाला खेळ आधीच ऐकून माहीत होता, हे शेवटी विचारून नोंदवता येतं. माणसं मात्र कुठून आणणार?

खरी मेख वेगळीच आहे. पगार झाला की बरेच जण साताऱ्याकडे, जुन्नरकडे गावी जातात. उरतात ते कोण? ज्यांना जाणं परवडत नाही ते, किंवा मुकादमानं थांबवलेले. मग तुला दिसलेला फरक पगाराचा की गैरहजेरीचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. म्हणून आधी पूर्ण यादी कर, यादीवरूनच चिठ्ठ्या टाक, आणि कोण आलं नाही ते गटवार लिहून ठेव. चैत्र-वैशाखातले यात्रेचे दिवस तर टाळच.

जोखीम मोजायला होल्ट आणि लॉरींचा 2002 सालचा दहा ओळींचा तक्ता तू घेतला आहेस; प्रत्येक ओळीत अ आणि ब या दोन सोडतींतली एक निवडायची. रुपयांत मांडताना अ म्हणजे 200 किंवा 160, ब म्हणजे 385 किंवा 10, आणि मोठी रक्कम मिळायची शक्यता ओळीगणिक दहात एकापासून दहात दहापर्यंत वाढत जाते. जोखमीची ना भीती ना ओढ, फक्त सरासरी मिळकत बघणारा माणूस चार ओळी अ घेऊन पाचवीला ब कडे वळतो. दहाव्या ओळीत 200 आणि 385 दोन्ही पक्के असतात; तिथेही कुणी अ निवडला तर त्याला खेळ समजलेला नाही. कागदावर सगळा तक्ता एकदम दिला की काहीजण अ, ब, पुन्हा अ असे उड्या मारतात आणि ती उत्तरं वाया जातात. एका वेळी एकच ओळ, एका कार्डावर दाखव. टक्केवारी नको, पिशवीत दहा चिठ्ठ्या टाक, सांग ‘यातल्या तीन मोठ्या रकमेच्या’, आणि चिठ्ठी त्यालाच काढू दे. फासा तुझ्या हातात असला की संशय येतो. सगळ्या ओळी झाल्यावर त्यातली एकच चिठ्ठीनं निवडून तिचे पैसे द्यायचे, हे सुरुवातीलाच सांग.

पैसे रोख आणि लगेच दे. यूपीआयनं दिलेस तर फोन नंबर तुझ्याकडे राहतो आणि नाव गुप्त ठेवायचं वचन मोडतं. पण कॉलेजचा लेखा विभाग सहीच्या पावत्या मागेल. त्या उत्तरांच्या कागदांपासून वेगळ्या ठेवायची परवानगी नैतिकता समितीकडून आधीच घे. दहा-दहाच्या नोटा भरपूर ने. आणि खोटं काही सांगायचं नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते कधी चालून जातं. आपल्या अर्थशास्त्राच्या प्रयोगांत चालत नाही, कारण पैसे खरंच मिळतील यावर विश्वास नसेल तर उत्तरं नुसती तोंडदेखली.

आराखडा अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या प्रयोगांच्या नोंदवहीत माहिती गोळा करण्याआधी नोंदव. 2016 साली अर्थशास्त्रातले 18 नामांकित प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा 11च टिकले. त्यामुळे मुख्य मोजमाप कोणतं आणि कोणती उत्तरं वगळणार हे आधी लिहिलेलं नसेल, तर चांगल्या नियतकालिकात तुझ्याकडे संशयानंच पाहतील.

पीएचडीचं विचारलंस. अर्थमिती आणि संभाव्यताशास्त्र पक्कं कर; पायथन ओ-ट्रीपुरतं (संगणकावर असे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर) आलं तरी सध्या भागेल. अर्जात प्राध्यापकांच्या शिफारशीइतकंच वजन एका नीट केलेल्या प्रयोगाच्या फाइलला येतं: सूचना, कोड, कच्ची माहिती, सगळं जागच्या जागी.

आधी दहा जणांवर चाचणी घे. ते मुख्य यादीतले नसावेत. प्रत्येकाला शेवटच्या ओळीचा अर्थ त्याच्या शब्दांत सांगायला लाव आणि ती उत्तरं जशीच्या तशी मला पाठव. सूचनांचा मसुदा त्यानंतर बघू.

कळावे,
तुझे सर