रस्ट या ऑनलाइन गेममध्ये एकट्याने खेळताना बेस, म्हणजे आपला तळ, कुठे बांधावा आणि तो कसा टिकवावा?

लाँच साइटसारख्या मोठ्या मॉन्युमेंटच्या (नकाशावरच्या लुटीच्या ठरलेल्या ठिकाणाच्या) शेजारी तर अजिबात नको. तिथे लूट भरपूर असते, पण मोठ्या टोळ्यांची वर्दळही तितकीच. दगड आणि धातूचे खडक जवळ, रस्त्यावरून सहज दिसत नाही आणि रिसायकलर (नको असलेल्या वस्तू मोडून कच्चा माल देणारं यंत्र) चालत गाठता येतो, अशी जागा शोधा.

आता बचाव. नवे खेळाडू सगळा माल भिंतींवर घालतात आणि दारं विसरतात. दगडी भिंत फोडायला 4 रॉकेट लागतात, पत्र्याच्या दाराला 2 पुरतात. म्हणजे हल्लेखोर बहुतेक वेळा दारातूनच येणार. म्हणून बाहेरून टूल कबर्डपर्यंत (बेसचा ताबा ज्याच्यावर असतो ते कपाट) एकामागे एक जमतील तितकी दारं लावा. प्रवेशाला एअरलॉक हवाच: दोन दारं, एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

भिंतीची कच्ची, म्हणजे कमकुवत बाजू आतच राहायला हवी, हे मात्र प्रत्येक भिंतीला तपासा. ती बाहेर राहिली तर कुदळीनेही भिंत पडते. चूक दिसली की लगेच हातोड्याने भिंत फिरवा, थोड्या वेळाने ती फिरत नाही.

आणि लॉगआउट करण्यापूर्वी कबर्डमध्ये देखभालीचा माल भरा, नाहीतर हल्ल्याशिवायच बेस झिजत जातो.